बोगद्यापलीकडचा निळा

खिडकीच्या कट्ट्यावर निळ्या ऑइलपेंटचा एक डबा ठेवलेला असे. झाकण घट्ट बसलेलं, पण कडेवरून ओघळून वाळलेला रंग बाहेरून दिसायचा. सकाळी ताई देवापुढे दिवा लावून उठली की बारक्या त्या डब्यासमोर जाऊन उभा राहायचा. मान जरा तिरकी करायचा, कारण सरळ बघितलं की मधोमध धुकं यायचं.

"आहे?" ताई स्वयंपाकघरातून विचारायची.

"आहे," तो म्हणायचा. मग दोघं भावंडं चहाला बसायची.

बारक्या पन्नाशीला टेकला होता, अंगानं चांगला भरला होता, पण घरात तो बारक्याच राहिला. बाहेर त्याला पेंटर म्हणत. उभा जन्म त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पत्र्यावर खडू लावलेल्या दोरीनं सरळ रेघ मारायची, अक्षरं नुसत्या नजरेनं बसवायची आणि शिडीवरून खाली उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडून एकदा बघून यायचं, ही त्याची रीत. नवरा गेल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली, त्यालाही आता बराच काळ झाला होता.

औषधांच्या दुकानाची पाटी रंगवताना त्यानं लाल क्रॉस चक्क तपकिरी काढला, तेव्हा दुकानदाराला वाटलं पेंटर थट्टा करतोय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हळू आवाजात सांगितलं, "डोळ्यांमागची नस सुकत चाललीय. आधी रंग जातील, मग आकार. थांबवता येईल असं औषध नाही." त्या दिवशी त्यानं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवून खिडकीत ठेवले आणि पुन्हा बाहेर काढले नाहीत. लाल आधीच गेला होता. मागून हिरवा गेला. निळा तेवढा होता.

आणि मग एके सकाळी चहाचा कप तसाच ठेवून तो म्हणाला, "ताई, माळ्यावरचं ते खेळाचं मशीन काढू या का?"

ते मशीन आणि त्याची कॅसेट त्यानं ऐन विशीत एका खलाशाकडून घेतली होती. खेळ जपानी, सगळी अक्षरंही जपानी, आकडे तेवढे इंग्रजी. वाचता एक येत नव्हतं, पण अक्षर कसं बसवलंय ते बघत बसायला त्याला आवडे. चार पोरं घराबाहेर पडतात, माळरानातून, जंगलातून जातात, वाटेत नाना प्राणी आडवे येतात, त्यांच्याशी लढतात, आणि शेवटी एका लांब काळ्या बोगद्यात शिरतात. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी एक राक्षस. त्याला हरवलं की एकदम समुद्र.

"त्या समुद्राचा निळा, ताई," तो म्हणाला, "मी परत कुठं बघितला नाही. एवढ्या पाट्यांमध्ये तोच कालवायला गेलो. पांढरा घाल, काळ्याचा थेंब घाल, जांभळा घाल. जमलाच नाही. हा डोळ्यातला निळा जायच्या आत एकदा तो बघायचाय. बाकी काही मागणं नाही माझं."

शेजारच्या शिक्षिकेनं त्याला फोनवर तोच समुद्र शोधून दाखवला होता. त्यानं मान तिरकी करून बघितला आणि फोन परत दिला. "हा तो नव्हे. बोगद्यातून चालत यावं लागतं. अंधारातून आल्याशिवाय तो दिसत नाही." शिक्षिका गेल्यावर ताईला म्हणाला, "पोरीला वाटलं असेल, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं."

मशीन निघालं. जुना खोक्यासारखा टीव्ही पुसून समोर ठेवला. बारक्या अगदी जवळ बसला, तरी पडद्यावरचे बारके आकडे आणि बाण त्याच्या धुक्यात बुडत. एकट्यानं खेळून बघितलं तर चारही पोरं भिंतीवर डोकं आपटत उभी राहिली. म्हणून ताईच्या हातात मशीनचा रिमोट आला. तिनं आजवर टीव्हीचा आवाज कमी करण्यापलीकडे कसलं बटण दाबलं नव्हतं.

"सोपं आहे. चौकट आली की त्यात चार ओळी येतात. वरून पहिली म्हणजे मार. दुसरी म्हणजे जादू. तिसरी, अंग राखून उभं राहा. चौथी, पळ. आणि वाटेत कुठं दिवा दिसला की त्याच्यासमोर जाऊन थांबायचं. तिथं आपला खेळ राखून ठेवला जातो. राखायला जागा एकच आहे, नवा राखला की जुना गेला."

"दिव्यापुढे थांबायला मला शिकवायला नको," ताई म्हणाली.

माळरानात दहा पावलं चालले नाहीत तोच पहिला प्राणी आडवा आला. गोल, चिकट, दोन डोळ्यांचा गोळा. ढोल वाजायला लागले. चौकट आली.

"वरून पहिली," बारक्या म्हणाला.

ताईचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

रोज सकाळी दिवा लावताना ती एकच वाक्य मनात म्हणे: आज माझ्या हातून कुणाला इजा न होवो. संध्याकाळच्या दिव्यापाशी त्या वाक्याचा हिशोब देई. मुंग्यांची रांग लागली असली तर ती जाईपर्यंत केरसुणी हातात घेऊन उभी राही. कुणी टाकून बोललं तरी उलट उत्तर नाही. हा नेम तिनं कुणाला सांगितला नव्हता, पण तिच्याबरोबर राहणाऱ्याला तो कळल्यावाचून राहत नसे.

"अगं, तो खरा नाहीये."

"खरा नाही तर मग मारायचा कशाला?"

बारक्यानं कपाळाला हात लावला. "बरं. तू रिमोट धर. बटण मी दाबतो. पाप माझ्याकडे."

तसं सुरू झालं. ताई बाण कुठं आहे ते सांगायची, कुणाची किती ताकद उरली ते वाचायची, आणि तिच्या अंगठ्यावर आपला जाड, रंगानं तडकलेला अंगठा ठेवून बारक्या मारायचा. ठण्ण आवाज झाला की त्याला कळे, बसला. गोळा विरघळून गेला की ताई डोळे मिटून घ्यायची. पोरांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून तिनंच ठेवली: पांढऱ्या केसांचा तो म्हातारबाळ, मोठ्या टोपीची टोपीवाली, गदा घेतलेला जाड्या, आणि एक शेपटीवाली पोर, तिला नुसतंच कोल्ही. जाड्याला लागलं की ताई लगेच दुसरी ओळ निवडून टोपीवालीकडून त्याच्यावर औषधाची जादू करवून घ्यायची.

"अगं, त्याला खरचटलंय फक्त. जादू संपेल तिची."

"संपू दे. तो कळवळला."

"तो पडद्यावर एवढा अंगठ्याएवढा आहे, कळवळलेला कुठून दिसला तुला?"

"दिसतं ते. तुलाही लहानपणी असंच खरचटायचं."

दुपारी बारक्या काठी घेऊन चालायला शिकायला जात असे. आकार जातील तेव्हासाठी आताच शिका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एके सकाळी तो डब्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. ताईनं दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "आहे. पण आज जरा उशिरा आला."

त्या दुपारी त्याची काठी जिन्यावरून खाली उतरत गेल्याचा आवाज ऐकला आणि ताई टीव्हीसमोर एकटी बसली. संध्याकाळच्या एका तासात जेमतेम एक टेकडी ओलांडली जायची. असं चाललं तर समुद्र कधी यायचा? तिनं पोरांना चालतं केलं. गोळा आडवा आला. तिनं वरून चौथी ओळ निवडली. पोरं पळाली. वटवाघळं आली, चौथी ओळ. सोंडेचा किडा आला, चौथी ओळ. कधी पळताना एखादा फटका बसायचा, कधी दोन, पण ताई पोरांना घेऊन जात राहिली, जशी गर्दीतून लेकरं काढावीत तशी. कुणाला मारलं नाही. दिवा दिसला की त्याच्यापुढे थांबली. दुसरी दुपार गेली, तिसरी गेली. बारक्याला मुद्दाम सांगितलं नाही. आयतं बोगद्याच्या तोंडाशी नेऊन उभं करायचं, असं तिच्या मनात होतं. रोज संध्याकाळी त्याला म्हणायची, "आज माझं डोकं जड आहे, उद्या बसू." डोकं खरंच जड व्हायचं, एवढा वेळ पडद्याकडे बघून.

बोगद्यात शिरल्यावर मागे मोठा आवाज झाला आणि दगड कोसळले. पुढे एक दिवा तेवत होता. ताईला हायसं वाटलं. ती दिव्यापुढे थांबली.

बारक्या जिना चढून आला तेव्हा ती दारातच उभी होती. "बोगदा आला! आता तेवढा राक्षस, की समुद्र!"

त्यानं काठी भिंतीला लावायच्या ऐवजी हातातच धरून ठेवली. "बोगदा? एवढ्यात? कसं काय?"

"मी कुणाच्या वाटेला गेले नाही. मग माझ्या वाटेला कोण येणार?"

बारक्या खुर्चीवर बसला. "ताई, जाड्याच्या नावापुढचा आकडा वाच."

"एक."

"टोपीवालीचा?"

"एक. सगळ्यांचा एकच आहे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. "अगं, लढल्याशिवाय ही पोरं मोठी होत नाहीत. प्रत्येक लढाईनंतर आकडा वाढतो. राक्षसासमोर जायचं तर निदान बारा तरी लागतो. आपण मारून जो काही वाढवला होता तो?"

ताईनं आठवून बघितलं. मग हळू सांगितलं, "एकदा सगळीच पडली होती. मग मी पहिल्यापासून घेतलं. वाटलं, तुझ्या मारामारीचं पापही निघून जाईल."

"बरं, मागे फिरू. जंगलात जाऊन वाढवू."

"मागे दगड पडलेत रे. मोठा आवाज झाला होता खरा."

बोगद्यात दुसरं कुणी आडवं येत नव्हतं. दिवा, थोडी वाट, आणि राक्षस. त्याच्यापुढे चौथी ओळ चालत नव्हती. त्यांनी जाऊन बघितलं. राक्षसानं एकदा हात फिरवला आणि चारही पोरं आडवी झाली. परत दिव्यापासून. ताईनं तिसरी ओळ घेतली, चौघांनाही अंग राखून उभं केलं. पोरं दुसऱ्या फटक्याला पडली. परत दिव्यापासून. टोपीवालीची औषधाची जादू जाड्यापर्यंत पोचायच्या आत जाड्या गेलेला असे. पडद्यावर तेच ते रडवे सूर वाजत राहिले.

"पुरे," बारक्या म्हणाला. रागावला नाही. तो रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं. तो उठून खिडकीशी गेला, डब्याच्या झाकणावरून बोटं फिरवत उभा राहिला. "तुझ्या पायाला काटा टोचला तर तू काट्याची माफी मागशील, हे मला ठाऊक असायला हवं होतं." मग म्हणाला, "पहिल्यापासून घेऊ."

"वेळ आहे का रे तेवढा?"

"ते डब्याला विचार."

दुसऱ्या सकाळी ताईनं दिवा लावला, हात जोडले, आणि रोजचं वाक्य ओठांवर आलं ते तिनं तिथंच थांबवलं. किती तरी वेळ ज्योतीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली: आज माझ्या भावाचं काम माझ्या हातून होऊ दे. त्यात कुणाला लागलं, तर ते माझ्या नावावर लाव, त्याच्या नको.

"आहे?" तिनं विचारलं.

"आहे."

त्या दिवशी माळरानात पहिला गोळा आडवा आला तेव्हा बारक्यानं सवयीनं अंगठा पुढे केला. ताईनं तो बाजूला सारला. वरची पहिली ओळ तिनं स्वतः दाबली. ठण्ण.

"क्षमा कर रे बाबा," ती पुटपुटली.

बारक्या ऐकतच राहिला. मग पोट धरून हसला. "अगं, चिकट गोळा आहे तो! त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

दुपार-संध्याकाळ ती लढत राहिली. गोळ्यांना, वटवाघळांना, सोंडेच्या किड्यांना मारायची, प्रत्येकाची माफी मागायची, आणि एकालाही सोडायची नाही. पोरांचे आकडे वाढू लागले. जाड्याला नवी गदा मिळाली तेव्हा ताईनं ती बारक्याला अशी वर्णन करून सांगितली, जशी घरात कुणाला नोकरी लागल्याची बातमी सांगावी.

"सासरी असताना तुझ्यात ही धमक असती," बारक्या म्हणाला, "तर तुझ्या जावा चळाचळा कापल्या असत्या."

"त्यांनाही मी क्षमाच केलीय. तू लक्ष दे. कोल्ही थकलीय, तिला मागे घेऊ का?"

"घे. आणि टोपीवालीला पुढे आणू नकोस, ती तुझ्यासारखी आहे. नुसती औषधं वाटत बसते."

जंगल संपत आलं तेव्हाची गोष्ट. ताईनं संध्याकाळी खिडकीचा कट्टा ओल्या फडक्यानं पुसला होता. निळा डबा तिनं खाली जमिनीवर ठेवला आणि वर उचलायचा राहून गेला. कट्ट्यावर राहिला तो टर्पेंटाइनचा डबा, तेवढाच, राखाडी पत्र्याचा, त्यात जुने ब्रश. सकाळी बारक्या येऊन उभा राहिला. मान तिरकी केली.

"आहे?" आतून ताईनं विचारलं.

"आहे."

ती चहा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. निळा डबा जमिनीवर होता. कट्ट्यावर राखाडी. तिनं चहाचे कप टेबलावर ठेवले.

तो काठी घेऊन गेल्यावर तिनं निळा डबा उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या सकाळीही तिनं विचारलं, "आहे?" विचारलं नसतं तर आपल्याला कळलंय हे सांगितल्यासारखंच झालं असतं. तो म्हणाला, "आहे." आणि संध्याकाळी दोघं बोगद्याकडे निघाली. आता घाई कशाची ते तिचं तिला कळत नव्हतं, पण थांबणं तिला जमणार नव्हतं. त्यालाही.

राक्षसाशी लढाई लांबली. बारक्या डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत होता. "हा श्वास घेतोय, आता जोरात मारेल, सगळ्यांना तिसरी ओळ दे. हं. आता पहिली. जाड्या, मग कोल्ही." एकदा म्हातारबाळ पडला. टोपीवालीनं त्याला उठवलं. एकदा एकटा जाड्याच उभा राहिला, ताकद नावालाच उरलेली. ताईनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि वरची पहिली ओळ दाबली. राक्षस गुडघ्यावर आला, मग दगडासारखा फुटला. ती माफी मागायची विसरली. लगेच आठवलं, मग मागितली.

पोरं काळोखातून चालत निघाली. सूर बदलले. लाटांचा आवाज आला.

बारक्या पुढे वाकला. मान तिरकी केली, या बाजूला, मग त्या बाजूला. पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला. त्याच्या हातावरचे केस काचेच्या विजेनं उभे राहिले. मग त्यानं मान सरळ केली आणि मागे टेकून बसला.

"आहे?" त्यानं विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

लाटा वाजत होत्या.

"त्या दिवशी डबा खाली होता ना?" तो म्हणाला. "चहाला वळलो तर पायाला लागला."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललास?"

त्यानं मान हलवली. "बरं, सांग आता. कसा आहे तो?"

ताईनं पडद्याकडे नीट बघितलं. एवढ्या दिवसांत तिनं त्या निळ्याबद्दल इतकं ऐकलं होतं की ती थोडी घाबरूनच बघत होती. सपाट निळा पट्टा होता. त्याखाली जरा फिका दुसरा पट्टा. लाटा म्हणून पांढरे चौकोन इकडून तिकडे सरकत होते. तिनं खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे लाँड्रीची पाटी होती, बारक्यानंच रंगवलेली. तिनं परत पडद्याकडे बघितलं. परत पाटीकडे.

"खरं सांगू?"

"तू आणखी काय सांगणार?"

"फिका आहे रे. पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखा. समोरच्या लाँड्रीच्या पाटीवरचा तुझा निळा याच्यापेक्षा खोल आहे. बघत राहावा असा आहे."

बारक्या हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. रंग कालवणाऱ्या माणसाची बोटं आपोआप एकमेकांवर घासत होती.

"लाँड्रीची?" तो म्हणाला. "ती तर घाईत केली होती. पलीकडून बघायलाही गेलो नाही. म्हटलं, घरासमोरच आहे, केव्हाही बघता येईल."

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती, आवाज नव्हता. तिनं हात काढला नाही.

पडद्यावर चार पोरं किनाऱ्यावर उभी होती. पुढे जायला वाट होती, कुणी आडवंही आलं नव्हतं. ताईनं रिमोट मांडीवरून काढून जमिनीवर ठेवला. संध्याकाळच्या दिव्याची वेळ झाली होती, ती उठली नाही.

"समुद्र राहू दे," बारक्या नाक पुसत म्हणाला. "पाटीचं सांग मला. डाव्या कोपऱ्यापासून."

ताई खुर्ची ओढून खिडकीशी बसली. रस्त्यावर दिवे लागायला अजून अवकाश होता, पाटी दिसत होती.

"डाव्या कोपऱ्यात निळा सगळ्यात गडद आहे," तिनं सुरुवात केली. "तिथून उजवीकडे जाताना थोडा, अगदी थोडा उजळत जातो."

"तो मी मुद्दाम केला होता. पुढे?"

"पुढे पहिलं अक्षर. पांढरं. त्याला पिवळी कड आहे."

"कड सारखी आहे?"

"सारखी आहे."

"आणि खिळ्यांपाशी? गंज आलाय का? खरं सांग."

ताईनं डोळे बारीक करून बघितलं.

"आलाय," ती म्हणाली. "थोडा. वरच्या खिळ्यापासून खाली ओघळलाय."

"त्याचा रंग सांग," बारक्या म्हणाला.